गादीच्या कापडातून आलेला आवाज

जुना स्पीकर घरघरायला लागला की आपण तो भंगारात देतो. आमच्या गटाचाही देणारच होतो. मग कळलं, बिघडली होती फक्त त्याची कडा. आणि या कडेचा इतिहास शिवणकामापाशी जातो.

स्पीकरमधला कागदी शंकू पुढे-मागे हलतो, तेव्हा आवाज निघतो. पूर्वी शंकूची कडा ताठ असे. खर्जातला आवाज हवा, तर खोका कपाटाएवढा लागे. अमेरिकेतले शिक्षक एडगर व्हिलचर यांना सुचलं, की कडा सैल ठेवावी आणि खोका हवाबंद करावा. आतली हवाच स्प्रिंगचं काम करील. पण तशी कडा आणायची कुठून? त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी ती बेतली आणि गादीच्या खोळीच्या कापडातून शिवली. नमुना वाजला! १९५४ साली त्यातूनच 'एआर-१' हा छोटा स्पीकर आला. १९५६ चं पेटंट मात्र एकट्या एडगर यांच्या नावावर आहे.

पुढे अनेक कंपन्यांनी फोमच्या कडा लावल्या. फोमचा काही वर्षांत भुगा होतो. कापडी कडा जास्त टिकते. म्हणून जुना स्पीकर घेताना पुढची जाळी काढून बघा. शंकू बोटांनी हलकेच, सरळ दाबा. खरखरला, तर आतली तारेची गुंडाळी घासते आहे. तो घेऊ नका. नुसता फोम गेला असेल, तर भाव कमी करून घ्या. नवी कडा चिकटवता येते.

आम्ही तेच केलं. वहीत खर्च लिहिताना कडा चिकटवणाऱ्या ताईंचं नावही लिहिलं.