जनावराचा दाखला

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात गाय वारंवार येते. जनावराच्या शेवटाचा हिशेब मात्र क्वचितच येतो. सेवाग्राम, गोपुरी आणि पवनार यांविषयीच्या लेखनात चर्चा असते ती नीतीची: मारावे की मारू नये. आम्हांला त्याच इतिहासात आणखी एक प्रश्न दिसतो. जनावर कसे संपले हे कोणी सांगायचे, आणि कोणाच्या लेखणीने ते खरे ठरायचे?

प्रथम तो कातड्याच्या निमित्ताने उभा राहिला. १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तेथे मेलेल्या जनावराचेच कातडे कमवायचे असा दंडक होता. व्यापारात ‘मुरदारी’ आणि ‘हलाली’ हा भेद होताच; चर्मालयाने त्याला नैतिक मोल दिले. पण चप्पल अहिंसक आहे की नाही हे नुसती चप्पल पाहून कळत नाही; जनावराची हकीकत ठाऊक असावी लागते. जनावर फरफटत नेले तर कातडे खराब होते, म्हणून ते उचलून न्यावे लागते. उचलणार कोण? मेलेली जनावरे सवर्णांनी स्वतःच पुरावीत, असा ठराव १९२७च्या महाड परिषदेत होऊन गेला होता. गोसेवेच्या चर्चेला ही बाजू टाळता येत नाही.

पुढे ही हकीकत सांगण्याचा अधिकार सरकारकडे गेला. १९४९च्या मध्यप्रांत-वऱ्हाड पशुसंरक्षण कायद्याने कत्तलीला दाखला आवश्यक केला. १९७६ मध्ये पवनारहून विनोबांनी गोवधबंदीसाठी ११ सप्टेंबरपासून उपोषण जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्राचा कायदा झाला आणि १९७८ मध्ये तो अमलात आला. गायीची कत्तल बंद झाली. बैल मात्र निरुपयोगी ठरल्याच्या दाखल्यावर कापता येई. १९७८च्याच केंद्रीय नियमांनी वाहतुकीसाठीही पशुवैद्याचा दाखला मागितला. मार्च २०१५ पासून बैलालाही बंदी लागू झाली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम मात्र रद्द केले. पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे, हा प्रश्न न्यायालयालाही महत्त्वाचा वाटला, हे येथे ध्यानात घ्यावे.

कोरडवाहू शेतकऱ्याला म्हातारा बैल म्हणजे नव्या बैलाच्या किमतीतला एक हिस्सा होता. तो हिस्सा बुडाला, आणि नड भागवण्याचा भार शेळीवर आला. शेळीला कत्तलबंदी नाही, कागद मात्र आहे. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी दिवसाला दहापर्यंत लहान जनावरे कापणाऱ्यालाही नोंदणी सांगितली. गावात सणाला बोकड कापून वाटे घालणाऱ्यांच्या व्यवहाराला वही नसते. तिथे तोंडी शब्द आणि ओळख हाच दाखला. खाटीक दारात येतो, शेळी हाताने चाचपतो, नजरेने भाव सांगतो.

नोंद वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. रोगी जनावराचे मांस ताटात येऊ नये, दाटीवाटीने कोंबून जनावरे नेली जाऊ नयेत, ही नोंदीचीच देणगी. पण नालवाडीत नोंदीने मेलेल्या जनावराचे मोल वाढवले होते. आज दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या शेळीवालीला त्या कागदातून वाढीव भाव मिळत नाही. ज्या नोंदीचा खर्च विकणाऱ्याचा आणि लाभ इतरांचा, ती टिकत नाही. वर्ध्याच्या इतिहासातून घ्यायचा धडा हाच, असे आम्हांला वाटते.