हायड्रोजन, इलेक्ट्रिक की पेट्रोल : लालबागच्या ट्रॅफिकमध्ये कोणती गाडी कमी ऊर्जेत जास्त पळते?

३० मार्च २०२२. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी दिल्लीत संसदेत आले ते टोयोटा कंपनीच्या 'मिराई' गाडीतून. ही गाडी हायड्रोजनवर चालते आणि तिच्या धुराड्यातून धुराऐवजी पाण्याची वाफ बाहेर पडते. झालं, त्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड सुरू झाले. "आता गाडी पाण्यावर चालणार", "इलेक्ट्रिक घेऊ नका, पैसे बुडतील", "दोन वर्षं थांबा, हायड्रोजन येतोय".

तो 'थांबा' वाला मेसेज आजही फिरतोय. पण मुंबईत थांबायला किती वेळ आहे, हाही प्रश्नच आहे. शहराच्या हवेबद्दल स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला सांगितलं, की पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्या ठेवता येतील का, ते तपासा. त्यासाठी सरकारने सात जणांची समितीही नेमली. म्हणजे गिरगाव, लालबाग, परळ, दादरमध्ये ज्याला पुढच्या काही वर्षांत गाडी किंवा टॅक्सी बदलायची आहे, त्याला हा हिशोब आज ना उद्या करावाच लागणार.

तोच हिशोब आज सोप्या भाषेत करून बघू.

आधी एक गैरसमज काढून टाकू

हायड्रोजनची गाडी पाण्यावर चालत नाही. पाणी हे तिचं इंधन नाही, तिचा उरलेला कचरा आहे.

गाडीत एक फ्यूएल सेल असतो. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन तिथे एकत्र येतात, त्यातून वीज तयार होते आणि पाणी उरतं. ती वीज मोटरला मिळते आणि मोटर चाकं फिरवते. म्हणजे हायड्रोजन कार ही मुळात इलेक्ट्रिक कारच आहे. फरक इतकाच, की इलेक्ट्रिक कार वीज बॅटरीत भरून आणते आणि हायड्रोजन कार चालता चालता तयार करते.

मग हायड्रोजन कुठून येतो? तो विहिरीतून काढता येत नाही, बनवावा लागतो. एक तर पाण्यात वीज सोडून पाण्याचे घटक वेगळे करायचे, नाहीतर नैसर्गिक वायूपासून काढायचा. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो. आपल्या माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतही हायड्रोजन लागतोच, इंधनातलं गंधक काढण्यासाठी.

१०० युनिट ऊर्जा दिली, तर चाकापर्यंत किती पोचते?

कार्यक्षमता म्हणजे एवढंच : तुम्ही घातलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा प्रत्यक्ष गाडी पुढे न्यायला वापरली गेली. पगार किती यापेक्षा हातात किती पडतो, तसं. तिन्ही गाड्यांना १०० युनिट देऊन बघू. आकडे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे थोडे वरखाली होतात.

पेट्रोल : टाकीत १०० युनिट ऊर्जेचं पेट्रोल आहे. इंजिन ते जाळतं आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. चाकापर्यंत पोचतात २० ते २५ युनिट. बाकीचं तुम्ही रस्ता तापवायला खर्च केलंत. सीएनजीचं इंजिनही याच पद्धतीचं असल्याने त्याची कार्यक्षमता जवळपास तेवढीच असते.

इलेक्ट्रिक : वीजकेंद्रातून १०० युनिट वीज निघाली. तारांमध्ये थोडी गेली, चार्जर आणि बॅटरीत थोडी गेली, मोटरमध्ये थोडी. चाकाला मिळतात साधारण ७५ युनिट.

हायड्रोजन : तीच १०० युनिट वीज पाण्यात सोडली. तयार झालेल्या हायड्रोजनमध्ये उरली साधारण ७०. मग तो वायू दाबून भरायचा, कारण कारच्या टाकीत त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे ७०० पट असतो. हे आणि वाहतूक धरून उरली ६० च्या आसपास. फ्यूएल सेलमध्ये त्याची परत वीज करताना जवळपास निम्मी गेली. चाकाला मिळाले २५ ते ३० युनिट.

म्हणजे विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज, या फेऱ्यात दोन तृतीयांशांहून जास्त ऊर्जा जाते. हातात असलेले रुपये डॉलर करायचे, मग डॉलरचे परत रुपये करायचे आणि दोन्ही वेळेला कमिशन द्यायचं, तसाच हा प्रकार.

गिरगाव ते दादर, १२ फेऱ्या

आता हे रस्त्यावर आणू. गिरगावातून भायखळा, लालबाग, परळ करत दादर टीटी गाठायचं तर अंतर साधारण आठ किलोमीटर. अशा एकेरी १२ फेऱ्या झाल्या की जवळपास १०० किलोमीटर होतात. मध्यम आकाराच्या गाडीला त्यासाठी किती लागेल?

• पेट्रोल : लीटरला १५ किलोमीटर धरले तर पावणेसात लीटर. त्यातली ऊर्जा विजेच्या मापात मोजली तर सुमारे ६० युनिट.
• सीएनजी : साधारण साडेचार किलो. ऊर्जा जवळपास तेवढीच, सुमारे ६० युनिट.
• इलेक्ट्रिक : प्लगमधून घेतलेली साधारण १५ युनिट वीज.
• हायड्रोजन : जेमतेम ०.९ किलो. ऐकायला फारच कमी वाटतं, पण एक किलो हायड्रोजन बनवून टाकीत दाबून भरायला साधारण ५५ युनिट वीज लागते. म्हणजे झाली ५० युनिट.

इथेच फॉरवर्डवाले फसतात. मिराईच्या टाकीत ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि त्यावर ती ६०० किलोमीटरच्या वर जाते, हे खरं आहे. पण तो साडेपाच किलो हायड्रोजन विजेपासून बनवायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात इलेक्ट्रिक कार जवळपास २,००० किलोमीटर जाईल.

पैशांचं गणित तुम्हीच करा. बेस्टच्या बिलावर तुमचा युनिटचा दर बघा आणि १५ ने गुणा. मग पेट्रोलचा लीटरचा दर पावणेसातने गुणा. मुंबईत पेट्रोल लीटरला १०० रुपयांच्या वर आहे, म्हणजे पेट्रोलच्या बाजूला ६७५ रुपये तर झालेच. फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरच्यापेक्षा जास्त असतो, तो वेगळा धरा.

ट्रॅफिकमध्ये फरक आणखी वाढतो

वरचे आकडे गाडी बऱ्यापैकी चालत असताना आहेत. लालबागचा सिग्नल किंवा दादरचं मार्केट हा वेगळा विषय आहे.

पेट्रोलची गाडी उभी असतानाही इंजिन फिरत राहतं. एसी लावून अर्धा तास अडकलात तर अर्ध्या लीटरच्या आसपास पेट्रोल जातं, म्हणजे चार-साडेचार युनिट ऊर्जा, आणि गाडी तर जागची हललेली नाही. इलेक्ट्रिक गाडीची मोटर उभ्या गाडीत बंदच असते. फक्त एसीला वीज लागते, ती अर्ध्या तासाला अर्धा ते एक युनिट.

दुसरी गोष्ट ब्रेकची. पेट्रोलच्या गाडीत ब्रेक दाबला की वेग उष्णता होऊन जातो. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करताना मोटर उलट काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. सतत थांबत-निघत जाणाऱ्या गाडीला याचा फायदा जास्त. हायड्रोजन कारमध्येही छोटी बॅटरी असते, त्यामुळे हा फायदा तिलाही मिळतो. एक्स्प्रेस वेवर पेट्रोलची गाडी जास्त ॲव्हरेज देते आणि इलेक्ट्रिकची रेंज घटते. शहरात नेमकं उलट होतं.

पण वीज कोळशाचीच ना?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, आणि तो बरोबर आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज देते बेस्ट. शहराला वीज पुरवणाऱ्या केंद्रांपैकी एक आहे टाटांचं ट्रॉम्बेचं केंद्र, आणि तिथे कोळसा आणि गॅस जाळला जातो.

भारतात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशोबाने आपल्या १०० किलोमीटरला :

• पेट्रोल : साधारण १५ किलो
• सीएनजी : साधारण १२ किलो
• इलेक्ट्रिक, आजच्या विजेवर : १० ते ११ किलो
• हायड्रोजन, नैसर्गिक वायूपासून : साधारण १२ किलो
• हायड्रोजन, आजच्याच विजेपासून बनवलेला : साधारण ३५ किलो

शेवटचा आकडा पुन्हा बघा. धुराड्यातून फक्त पाणी सोडणारी गाडी पेट्रोलच्या दुप्पट कार्बन सोडू शकते, फक्त तो दुसरीकडे कुठेतरी निघतो.

इलेक्ट्रिकचा फायदाही कार्बनच्या बाबतीत आज अफाट नाही, हे मान्य करायला हवं. वीज जसजशी सौर, पवन आणि जलविद्युत होईल, तसा तो वाढेल. पण तेव्हाही ज्या सोलर पॅनेलवर एक हायड्रोजन कार चालेल, त्यावर तीन इलेक्ट्रिक कार चालतील.

आणि धुराचं काय? इलेक्ट्रिक गाडी केईएम आणि टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर दिवस काढणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांच्या नाकात धूर सोडत नाही, हा फायदा आजच्या आज मिळतो. पण वीज कोळशाची असेल तर तो धूर नाहीसा होत नाही, तो वीजकेंद्राच्या उंच चिमणीतून निघतो आणि तिच्या आसपासही माणसं राहतात. त्यामुळे गाडी बदलली आणि वीज तीच राहिली, तर काम अर्धंच झालं.

गिरणगावाने हा हिशोब आधी केलाय

ऊर्जा तारेतून आणायची की इंधन म्हणून वाहून आणायची, हा प्रश्न परळ-लालबागला नवा नाही. इथल्या गिरण्या आधी आपापल्या बॉयलरमध्ये कोळसा जाळून वाफेवर चालायच्या. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटातल्या पाण्याची वीज तारेने इथल्या गिरण्यांना मिळू लागली.

रस्त्यावरही तेच. मुंबईत १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, त्याआधी ट्रामला घोडे जुंपायचे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली आणि त्यानंतर रस्ता डिझेलच्या बसकडे गेला. आता चक्र उलटं फिरतंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेस्टची विजेवरची एसी डबलडेकर सुरू झाली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलची शेवटची डबलडेकर निवृत्त झाली.

मग हायड्रोजन फुकट आहे का?

अजिबात नाही. जिथे बॅटरी कमी पडते, तिथे हायड्रोजनला अर्थ आहे.

बॅटरी जड असते. ४० टनी ट्रकला लांब पल्ल्यासाठी बॅटरी लावायची तर तिचंच वजन काही टन होतं आणि चार्जिंगला वेळ जातो. हायड्रोजन वजनाला हलका, आणि टाकी काही मिनिटांत भरते. म्हणूनच टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनच्या अवजड ट्रकची चाचणी सुरू केली. त्यातल्या मार्गांमध्ये मुंबई आणि पुणेही आहेत. पुण्यातच केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी बनवलेली हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसमोर आली होती.

पोलाद आणि खत कारखान्यांनाही हायड्रोजन लागतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. या सगळ्यात गिरगावातून दादरला जाणारी कार हे हायड्रोजनचं पहिलं काम नाही.

मग आपण काय करायचं?

गाडी रोज शहरातच फिरते आणि चार्जिंगची हक्काची जागा आहे : इलेक्ट्रिक. हायड्रोजनसाठी थांबण्यात अर्थ नाही. ती कार भारतात शोरूममध्ये विकायला नाही आणि पंपही फारसे नाहीत.

चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहता, गाडी रस्त्यावर लावता : खरी अडचण इथे आहे. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून गाडी चार्ज करू नका, ते धोक्याचं आहे. रोजच्या वाटेवर भरवशाचा चार्जर आहे का ते आधी बघा. नसेल तर आज सीएनजी हा वाईट पर्याय नाही. कार्बनच्या आकड्यात तो इलेक्ट्रिकपासून फार लांब नाही.

टॅक्सी चालवता : दिवसाला जितके किलोमीटर जास्त, तितकी इलेक्ट्रिकची जास्तीची किंमत लवकर वसूल होते. पण चार्जिंगला उभं राहण्यात जाणारा वेळ म्हणजे बुडालेलं भाडं, तोही हिशोबात घ्या.

पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत : सोसायटीच्या बैठकीत पार्किंगमधल्या चार्जिंगचा मुद्दा आत्ताच लिहून घ्या. नंतर वायरिंग टाकणं महागात पडतं.

आणि एक शेवटचा आकडा. मोठी एसी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण सव्वा ते दीड युनिट वीज घेते. त्यात ४० माणसं बसली, तर १०० किलोमीटरला माणशी तीन ते पावणेचार युनिट. एकट्याने चालवलेल्या इलेक्ट्रिक कारला १५ लागतात. तेव्हा कार्यक्षमतेची स्पर्धा लावायचीच असेल, तर बेस्टच्या स्टॉपवर उभा असलेला माणूस या तिन्ही गाड्यांच्या पुढे आहे. त्याला फक्त बस वेळेवर मिळायला हवी.