तळं बुजलं, मासे बदलले

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून आज तळं दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र रेल्वेच्या रुळांपलीकडे पाणीच पाणी होतं. नुंगमबाक्कमपासून मैलापूरच्या दिशेने लांबवर पसरलेल्या त्या जलाशयाला इंग्रजांनी नावही लाँग टँक असंच दिलं होतं. 1920 मध्ये मद्रासचा नगररचना कायदा झाला आणि 1923 पासून मांबलमकडचा भाग उपसून तिथे नवी वसाहत आखली गेली. पिट्टी त्यागराय चेट्टींच्या नावाने ती त्यागराय नगर झाली, आज सगळे तिला टी. नगर म्हणतात. नुंगमबाक्कमकडच्या उरलेल्या तळ्याच्या जागी 1976 मध्ये वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक उभं राहिलं. चेन्नईच्या खाड्यांमध्ये परदेशी मासे आणि शिंपले कसे माजले, ही हकिकत सांगणारे सहसा बंदरापासून, परदेशी जहाजांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती मांबलमसारख्या तळ्यांपासून सांगायला हवी. परका जीव पाण्यात येणं ही एक घटना आहे आणि तो तिथला धनी होऊन बसणं ही वेगळी. पहिलीला जहाज किंवा सरकारी खातं पुरतं. दुसरीसाठी आधी पाणी बदलावं लागतं, आणि ते आपण बदललं.

खाडीचं मचूळ पाणी गोडं आणि खारं अर्धं अर्धं मिसळलं की तयार झालं, असं नसतं. ते ऋतूप्रमाणे हलत राहतं. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. त्या दिवसांत नदीचं गोडं पाणी समुद्राला मागे रेटतं, नंतर भरतीचं पाणी हळूहळू आत सरकतं. चिखलावर शेवाळ आणि कुजलेला पाला, त्यावर जगणारे किडे, तिसऱ्या आणि कोळंबी, तोच गाळ चाळणारी बोय, या सगळ्यांवर चिंबोऱ्या, मोठे मासे आणि पक्षी, अशी ही उतरंड आहे. पांढरी कोळंबी अंडी घालते समुद्रात, पण तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि चिखलात वाढतात. म्हणून खाडीचं तोंड उघडं हवं आणि वरून गोडं पाणीही यायला हवं. अड्यार नदीच्या बाबतीत ही दोन्ही कामं बिघडली. तमिळ मुलखात ज्यांना एरी म्हणतात ती तळी पावसाचं पाणी अडवून सावकाश सोडत असत. ती बुजली तसा तोच पाऊस काही तासांत पूर होऊन वाहून जाऊ लागला आणि बाकीचे महिने नदीत सांडपाणीच उरलं. दुसरीकडे 1875-76 मध्ये मद्रासच्या बंदराचं काम सुरू झालं आणि किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली. मरीनाची पुळण रुंद होत गेली, कूवम नदीच्या मुखाशी वाळूचे बांध पडू लागले. अड्यारचं मुखही कोरड्या महिन्यांत वाळूने आकसतं.

कुणी म्हणेल, मांबलमचं एक तळं बुजल्याने काही किलोमीटरवरची खाडी कशी बिघडेल? एकट्या तळ्याने बिघडली नाही, हे मान्य. पण मांबलमचा कालवा आजही टी. नगरमधून जाऊन नंदनमजवळ अड्यारलाच मिळतो. त्या वाटेने पूर्वी तळ्याचं पाणी जाई, आता गटाराचं जातं. अशा कित्येक वाटा त्या नदीला मिळतात. शिवाय खोलगट जमिनीत साचलेल्या पाण्याने मांबलमला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे डास. वेस्ट मांबलमचे डास अख्ख्या शहराला ठाऊक होते. हत्तीरोग पसरवणारा क्यूलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो. त्यावर इलाज म्हणून अमेरिकेतल्या माशाची निवड झाली. 1928 मध्ये गॅम्बुसिया इटलीमार्गे भारतात आला आणि ठिकठिकाणच्या विहिरी-नाल्यांत सोडला गेला. हेतू निखळ चांगला होता, त्यात शंका नको. पण मद्रासच्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारा मासा आधीपासून होता. पाण्याच्या अगदी पृष्ठभागाखाली स्थिर राहणारा हा पँचॅक्स वरून पाहिलं तर सहज ओळखू येतो, कारण त्याच्या डोक्यावर एक चमकता पांढरा ठिपका असतो, काळ्या पाण्यात पडलेल्या तांदळाच्या कणीएवढा. त्याच्या काही जाती मचूळ पाण्यातही राहतात. गॅम्बुसियाची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि हा मासा डासांच्या अळ्यांइतक्याच आवडीने दुसऱ्या माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लं खातो. डास संपले नाहीत. नाल्यातला मासा तेवढा बदलला.

तिलापियाची कथाही अशीच, फक्त मोठी. आफ्रिकेतला हा मासा 1939 मध्ये जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर एका खाजणात सापडला, म्हणजे आशियातली त्याची पहिली नोंदच मचूळ पाण्यातली. 1952 मध्ये त्याची पिल्लं तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मंडपमला आणली गेली. देशाला स्वस्त प्रथिनं हवी होती, आणि हा मासा काहीही खातो, गोड्या पाण्यात जगतो, समुद्राइतक्या खाऱ्यातही जगतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे गढूळ पाण्यातही पिल्लं वाचतात. ज्या गुणांसाठी तो आणला त्याच गुणांनी तो हाताबाहेर गेला. अवघ्या सात वर्षांनी, 1959 मध्ये, भारतीय मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर तो तळ्यातळ्यांत पोचला होता. चेन्नईत त्याला जिलेबी म्हणतात, उजनी धरणाच्या काठावर चिलापी. आपल्या किनाऱ्याला त्याचा चुलतभाऊ आधीपासून आहे, तो म्हणजे गोव्याच्या आणि कोकणच्या खाडीत मिळणारा काळुंदर. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती फक्त तीन, त्यांतली ही एक. काळुंदर सावकाश वाढतो आणि पिल्लांची राखण करतो, त्याला स्वच्छ काठ लागतो. तिलापियाला काहीच लागत नाही. बोय जो गाळ आणि शेवाळ खाते तेच तिलापिया खातो, म्हणजे तो उतरंडीच्या खालच्याच थरात हात घालतो.

यावर एक आक्षेप मनापासून विचार करण्यासारखा आहे. घाण झालेल्या अड्यारमध्ये दुसरं काही जगत नाही, जगतो तो तिलापिया, आणि गरिबाच्या ताटात तोच मासा परवडतो. मग त्याला दोष का द्यायचा? मी माशाला दोष देत नाही. पण हा युक्तिवाद माझंच म्हणणं सिद्ध करतो. ज्या नदीत एकच जात तग धरते ती नदी गरिबाला पोसत नाही, तिने त्याच्यापुढचे बाकीचे पर्याय काढून घेतलेले असतात. कोळंबी गेली म्हणजे हाताने कोळंबी धरणाऱ्याची रोजची मिळकत गेली, आणि ती जिलेबी विकून भरून निघत नाही.

शहराच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीत हेच आज डोळ्यांसमोर घडतं आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला मायटेला नावाचा काळपट शिंपला तिथे चिखलावर सतरंजीसारखा पसरला आहे. आपल्याकडच्या शिनाण्यांच्याच कुळातला हा प्राणी अंगातून निघणाऱ्या चिवट दोऱ्यांनी एकमेकांना घट्ट बांधून घेतो. तिथले मच्छीमार त्याला काका आळी म्हणतात. त्या थराखाली कोळंबीला चिखलात शिरताच येत नाही. चिखलात पाय रोवून हाताने कोळंबी शोधणाऱ्यांचे तळवे कापतात आणि टोपली रिकामी राहते. इथे विरुद्ध पक्षाचं म्हणणं सर्वांत बळकट आहे. हाच शिंपला केरळच्या कोचीच्या खाजणात आणि अष्टमुडी सरोवरातही शिरला, फिलिपाइन्स आणि सिंगापूरलाही गेला. तेव्हा दोष जहाजांचाच, असं ते म्हणतात. अर्धं खरं आहे. जहाजांनी समतोलासाठी भरलेलं पाणी प्रक्रिया न करता परक्या बंदरात ओतू नये असा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला आणि तो 2017 मध्ये अमलात आला. तो कडकपणे पाळायलाच हवा. पण एन्नोरची खाडी शिंपल्याच्या आधीच राखेने उथळ झाली होती, वीजकेंद्रांच्या गरम पाण्याने तापत होती, भरावांनी आकसत होती. शिंपला चिखलावर पसरतो तसा कठीण आधारालाही चिकटतो, आणि तो आधार खांबांनी, नळांनी आणि काँक्रीटने दिला. वाहतं, खोल, चिंबोऱ्यांनी भरलेलं पाणी असतं तर शिंपला आला नसता असं मी म्हणत नाही. त्याला सगळी जागा इतकी फुकट मिळाली नसती, एवढंच म्हणतो.

आलेला जीव घालवता येतो का? 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या गोद्यांमध्ये अशाच एका कॅरिबियन शिंपल्याचा शोध लागला. हाच शिंपला 1960 च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात आणि पुढे मुंबईच्या गोदीतही पोचला होता. डार्विनच्या गोद्यांना दरवाजे होते. ते बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद टाकण्यात आलं आणि शिंपला निपटला. उघड्या खाडीला दरवाजे नसतात. तिथे विष टाकलं तर उरलीसुरली कोळंबीही मरेल. तिथला उपाय पाण्यापासून सुरू होतो, आणि त्याची एक बाजू चेन्नईतच दिसते. अड्यारच्या मुखाशी कचऱ्याने भरलेली खाडी साफ करून, खोल करून, भरतीला वाट देऊन 2011 मध्ये तोल्काप्पिय पूंगा हे उद्यान उघडलं. आधी पाणी हललं, मग तिथे खारफुटी लावता आली.

महाराष्ट्रात दर पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियासाठी ग्रामपंचायती आणि पालिका गप्पी मासे वाटतात. गप्पीही दक्षिण अमेरिकेतलेच. ते घराच्या हौदात, बंदिस्त टाकीत, शहरातल्या बांधीव विहिरीत जरूर सोडा. पण ओढ्यात, नाल्यात, खाडीला मिळणाऱ्या कोणत्याही वाहत्या पाण्यात सोडू नका, आणि गावातलं एखादं तळं बुजवायचा ठराव पुढे आला तर त्याला विरोध करा.