एक्झॉस्टची धग आणि ॲस्बेस्टॉसची दोरी

आज संकठा घाटावरून बोलतोय. एका बाजूला शिंदे घाट, दुसऱ्या बाजूला गंगामहाल आणि पलीकडे भोसले घाट. मराठी माणसाला इथं परकं वाटत नाही.

समोरच्या नावेचं डिझेल इंजिन बघा. भार आला की एक्झॉस्टमधला वायू 400-500 अंशांवर जातो. शेजारी लाकडी फळ्या आणि माणसं.

ही धग आवरायला विसाव्या शतकात सर्रास वापरली ती ॲस्बेस्टॉसची दोरी. स्वस्त, आणि जळत नाही. आमच्या वर्कशॉपमध्येही तीच. जुनी दोरी सोलली की धूळ उडायची. आम्ही ती फुंकरीनं झाडायचो. तिचे तंतू फुप्फुसात रुततात आणि कॅन्सर काही दशकांनी उमटतो. ब्रिटननं पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर 1999 मध्ये बंदी घातली. मी अधिकारी होतो, पण जवानांना ‘तोंडाला फडकं बांधा’ एवढंही कधी म्हटलं नाही. ते अजून टोचतं.

दुसरे उपाय होतेच. बोटींच्या इंजिनांत मॅनिफोल्डला दुहेरी भिंत करून मधून पाणी फिरवतात. गाडीत पत्र्याची ढाल लावतात. मध्ये बोटभर हवा हवी, नाहीतर पत्राच तापतो. काचतंतूंची पट्टीही चालते, मात्र ती ओल धरते आणि पाइप गंजतो.

काशीतल्या बऱ्याच नावा आता सीएनजीवर आल्यात. धूर घटला, पण ठिणगीच्या इंजिनाचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा जास्त तापतो. ढाल हवीच.

जुन्या गाडीत करडी दोरी दिसली, तर खरवडू नका, जाणकाराला बोलवा. जय हिंद.