थिजणाऱ्या पडद्याचा इतिहास

वैशाखाच्या उकाड्यात घाम पुसत बसलेल्या श्रोत्यांपुढे कडाक्याच्या थंडीचा विषय मांडणे हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. पण हा विषय आम्हाला चालकांनीच दिला. लडाखच्या बाजूला मालगाडी घेऊन जाणारे चालक सांगतात की, पहाटे गाडी सुरू केली म्हणजे वाट दाखवणारा पडदा झोपेतून उठल्यासारखा वागतो. नकाशा रेंगाळतो, बाणामागे पुसट शेपूट उमटते, बोट लावले तरी चित्र सावकाश बदलते. तासाभराने केबिन उबदार झाली की सर्व ठीक चालू लागते. यंत्र बिघडले, असा समज होतो. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. तो पडदा ज्या पदार्थाचा केलेला असतो त्या पदार्थाचा तो स्वभावच आहे, आणि त्या स्वभावाशी माणसाने दिलेल्या झुंजीला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत. आम्ही रसायनशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. कामगार वाचनालयात बसून जे वाचले, त्यातून जे समजले तेच येथे सांगणार आहोत.

या कथेचा आरंभ मोटारीपासून होत नाही, गाजरापासून होतो. 1888 साली प्राग येथे फ्रीडरिश राइनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातील कोलेस्टेरॉलवर काम करीत होते. त्यापासून केलेला एक पदार्थ त्यांनी तापवला तेव्हा तो 145.5 अंशांवर वितळला खरा, पण गढूळच राहिला. पुढे 178.5 अंशांवर तो एकदम स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला वितळण्याचे दोन बिंदू कसे असतील? त्यांनी हा पेच जर्मनीतील ओटो लेमान यांच्याकडे पाठवला. लेमान यांच्याजवळ पदार्थ तापवत तापवत पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी निर्वाळा दिला की हा पदार्थ द्रवासारखा वाहतो आणि स्फटिकासारखा प्रकाशाशी वागतो. म्हणून 'द्रवस्फटिक'. टामान यांच्यासारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने हे मानले नाही. पदार्थ अशुद्ध असावा, असे त्यांचे म्हणणे पडले. वाद बरीच वर्षे चालला. अखेर 1922 साली फ्रान्सच्या जॉर्ज फ्रीडेल यांनी या पदार्थांची रीतसर वर्गवारी केली आणि वादावर पडदा पडला.

आता यातला थंडीचा प्रश्न पाहा. आपल्या घरातले खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजते, हे पौष महिन्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. द्रवस्फटिकांचेही तसेच आहे. फार तापवले की तो निव्वळ द्रव होतो, थंड केला की निव्वळ घन होतो. त्याचे सारे गुण मधल्या पट्ट्यात आहेत. प्रथम सापडलेल्या बहुतेक पदार्थांचा हा पट्टा तापलेल्या तव्यावरचा होता. त्यामुळे पाऊणशे वर्षे हे पदार्थ प्रयोगशाळेतील नवल म्हणूनच राहिले.

अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत 1962 साली रिचर्ड विल्यम्स यांना या पदार्थावर विजेचा परिणाम होतो असे दिसले. जॉर्ज हाइलमायर यांनी त्यातून पडदा बनवण्याचा ध्यास घेतला आणि 1968 साली तो जगापुढे मांडला. पण यामागे गोल्डमाकर व कॅस्टेलानो या रसायनतज्ज्ञांचे काम होते. त्यांनी सारख्या घडणीचे पदार्थ एकमेकांत मिसळून ते साध्या खोलीच्या उष्णतेवर चालते केले. एका पदार्थात दुसरा मिसळला की दोघांचाही गोठणबिंदू खाली येतो. लाकडी पॉटमध्ये आइसक्रीम करताना आपण बर्फात मीठ घालतो, त्यातही हेच तत्त्व आहे. पुढे 1970-71 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिश यांनी, व अमेरिकेत फर्गसन यांनी, काचांमधील रेणूंना पीळ देऊन प्रकाश अडवण्याची युक्ती काढली. तीच घड्याळांत आणि गणकयंत्रांत रूढ झाली.

तरीही अडचण उरलीच. त्या वेळचे पदार्थ हवेतील ओलाव्याने खराब होत. हा पेच इंग्लंडमधील हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांनी सोडवला. त्यांनी आपले सहकारी हॅरिसन आणि नॅश यांच्यासह 1973 साली टिकाऊ पदार्थांचे एक नवे कुल प्रसिद्ध केले. त्यातील सर्वांत गाजलेला पदार्थ घ्या. तो सुमारे 24 ते 35 अंशांच्या पट्ट्यात काम करतो. योगायोग असा की, तो जवळजवळ खोबरेलाच्याच बिंदूला थिजतो! टिकाऊ झाला, पण थंडीला भित्राच राहिला. तेव्हा माल्व्हर्न येथील सरकारी संशोधन केंद्रातील पीटर रेन्स यांनी गणित मांडून चार पदार्थांचे नेमके प्रमाण ठरवले. 'ई-7' या नावाचे ते मिश्रण उणे 10 पासून 60 अंशांपर्यंत चालू लागले. मनगटावरच्या घड्याळाला एवढे पुरते, कारण त्याला माणसाच्या अंगाची ऊब असते. रात्रभर उघड्या यार्डात उभ्या राहणाऱ्या मोटारीला ती कोठून मिळणार?

मोटारीतील वाटाड्याचा इतिहास मात्र निराळ्या पडद्याने सुरू झाला. 1981 साली होंडाने जपानात जे यंत्र विकायला काढले, त्यात हेलियम वायूच्या प्रवाहावर वळण ओळखले जाई आणि काचनळीच्या पडद्यावर पारदर्शक नकाशा बसवावा लागे. 1985 साली कॅलिफोर्नियात ईटॅकचे यंत्र आले. त्याचे नकाशे कॅसेटवर असत. 1990 साली माझदाच्या युनोस कॉस्मो गाडीत उपग्रहांवरून स्थान ओळखणारी सोय आली. अमेरिकेने या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक 2 मे 2000 रोजी काढली आणि हा वाटाड्या सर्वसामान्यांच्या उपयोगी पडू लागला. जुन्या काचनळीत निर्वात पोकळीतून इलेक्ट्रॉन धावत. तेथे थिजण्यासारखे काही नव्हतेच. पण ती नळी जड, खोल आणि वीजखाऊ. तिची जागा द्रवस्फटिकाच्या पातळ पडद्याने घेतली. जागा वाचली आणि थंडीचा प्रश्न मोटारीत येऊन बसला.

आजचे मोटारीचे पडदे उणे 30 किंवा त्याहून खालच्या थंडीसाठी बनवलेले असतात. तेवढ्या थंडीतही त्यातील मिश्रण गोठत नाही. मग मंदपणा कशाचा? तो दाटपणाचा. वीज दिली की रेणू वळतात. वीज काढली की ते आपल्याच ताणाने मूळ जागी येतात. थंडीने मिश्रण काकवीसारखे दाट होते आणि हा परतीचा प्रवास लांबतो. जुने चित्र पुसले जाण्याआधी नवे येते, म्हणून बाणाला शेपूट फुटते. काचांमधील अंतर निम्मे केले तर हा वेळ चौथाईवर येतो. म्हणून कारखान्यांत पडदे पातळ करण्याची धडपड चालते. विमानांत आणि लष्करी यंत्रांत काचेला पारदर्शक तापकाचा थर देतात. जुन्या पडद्यांमागील पाऱ्याचे दिवेही थंडीत मिणमिणत; आताच्या एलईडी दिव्यांना ती खोड नाही. हातमोजा घातला की पडदा दाद देत नाही, ते मात्र थंडीमुळे नव्हे. तो पडदा बोटातील विद्युत्-वहन ओळखतो आणि लोकर वीज वाहत नाही. असा बोट ओळखणारा पडदा 1965 मध्ये त्याच माल्व्हर्नमधील जॉन्सन यांनी विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी सुचवला होता.

या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. नागपूर विद्यापीठाचे पदवीधर शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी सदाशिव व सुरेश या सहकाऱ्यांसह बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत 1977 साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. पुढे अशाच रेणूंची पातळ पटले पडद्यांवर बसवली गेली, ती पडदा कडेने पाहिला तरी चित्र स्पष्ट दिसावे म्हणून. चालक मधला पडदा नेहमी कडेनेच पाहतो, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते.

आता मुद्द्यावर येतो. हा पडदा आज केवळ वाट दाखवत नाही. गाडी मागे घेताना मागचे दृश्यही तोच दाखवतो. अमेरिकेने 2008 मध्ये कायदा केला आणि मे 2018 पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत मागचा कॅमेरा सक्तीचा केला. गाडी मागे घेऊ लागताच दोन सेकंदांत चित्र दिसले पाहिजे, असा नियम झाला. आता साधा हिशेब करा. ताशी 5 किलोमीटर वेगाने गाडी मागे येत असेल आणि थंडीने चित्र अर्धा सेकंद मागे पडले, तर गाडी तेवढ्यात जवळजवळ 70 सेंटिमीटर सरकलेली असते. मागे उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने हे अंतर थोडे नाही.

आम्ही आयुष्यभर चालकांच्या चौकशांना बसलो आहोत. अपघाताच्या कागदावर 'चालकाचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द लिहायला कोणाला वेळ लागत नाही. त्या पहाटे तापमान किती होते, पडदा किती अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवला होता, गाडी गरम करायला चालकाला किती मिनिटे मिळाली होती, हे रकाने त्या कागदावर नसतात. पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात आपल्याच माणसांनी जोडलेली वाहने द्रासच्या थंडीतही धावतात. तेव्हा हे रकाने मागणे हे आपलेच काम आहे. विज्ञानाने प्रश्न लपवलेला नाही. पडद्याच्या माहितीपत्रकात तापमानाची मर्यादा छापलेली असते. ती कारखान्याच्या कपाटात न राहता चालकाच्या हाती पडली पाहिजे. गाडी सुरू करून केबिन उबदार होईपर्यंतचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला पाहिजे. आणि तोवर मागे पाहण्यासाठी आरसा आणि खाली उतरलेला क्लीनर यांच्यावरच भरवसा ठेवला पाहिजे. राइनिट्झरपासून रेन्सपर्यंत इतक्या माणसांनी द्रवस्फटिकाचा थंडीतला पट्टा अंशाअंशाने रुंद केला. उरलेल्या अंशांचा बोजा एकट्या चालकाच्या डोक्यावर टाकू नये, एवढेच आमचे मागणे आहे.