दौलत आणि खासगी : घराच्या उंबरठ्याची सव्वाशे वर्षे

२०१७ साली हरतालिका २४ ऑगस्टला होती आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. त्या दिवशी आपण सगळेच मखर, दूर्वा आणि मोदकांच्या तयारीच्या गडबडीत होतो. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. बातमी टीव्हीवर लागली होती. पण आपल्यापैकी किती जणांनी ती हातातले काम ठेवून ऐकली असेल? या निकालामागचा इतिहास मात्र आपल्या फार जवळचा आहे. त्यात गणेशोत्सवाचे पुणे आहे, आपला मध्य प्रदेश आहे, आणि ज्यांना आपण आपल्या ओसरीवरही बसू दिले नसते अशी काही माणसे आहेत.

आपणा इंदूरकरांना 'खासगी' हा शब्द काही नवा नाही. होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. १७३४ साली पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली आणि पुढे अहिल्यादेवींनी याच खासगीतून देशभर घाट, देवळे, धर्मशाळा उभारल्या. राज्याच्या हाताला कुठेतरी मर्यादा असते, ही कल्पना आपल्या शब्दांतच रुजलेली आहे. पण ती मर्यादा होती राजघराण्याच्या वाट्याची. रयतेच्या घराला तशी मर्यादा मिळायला फार काळ जावा लागला.

रयतेच्या घराला मर्यादा नसली म्हणजे काय होते, ते पुण्याने १८९७ मध्ये पाहिले. प्लेग खरा होता, माणसे खरोखर मरत होती, आणि साथ आवरण्यासाठी सरकारने काही करणे भागच होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, रँड हे पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुख झाले, आणि गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी लपवला असेल म्हणून माजघर, स्वयंपाकघर, देवघर सगळे तपासायचे, बायकांचीही तपासणी करायची, संशयितांना इस्पितळात किंवा छावणीत न्यायचे, घरातले सामान नष्ट करायचे. लोकांचा राग औषधोपचारापेक्षा या रीतीवर होता. आपल्या जुन्या घराण्यांपैकी अनेकांकडे त्या दिवसांच्या गोष्टी आजीच्या तोंडून आलेल्या आहेत.

पुढचे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. आयर्स्ट हेही मारले गेले. लोकमान्यांना 'केसरी'तील लिखाणाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षी घडलेली एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पुण्यातील सरदार नातू बंधूंना सरकारने १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवताच स्थानबद्ध केले. आरोप नाही, साक्षीपुरावा नाही, वकील नाही. पुण्यातले प्रतिष्ठित सरदार, पण त्यांनाही दाद मागायला जागा नव्हती. घरात शिरलेल्या शिपायाला 'कोणत्या अधिकाराने?' असे विचारण्याची सोय कोणालाच नव्हती, आणि ती नसली की प्रतिष्ठाही कामाला येत नाही.

१९५० साली राज्यघटना आली. अटकेचे कारण कळण्याचा, वकील करण्याचा आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले जाण्याचा हक्क तिने कलम २२ मध्ये दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येणार नाही, हे कलम २० मध्ये घातले. घराच्या उंबरठ्याबद्दल मात्र स्पष्ट शब्द नव्हता. १९५४ मध्ये एका बड्या उद्योगसमूहावरील झडत्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. आठ न्यायमूर्तींनी सांगितले, की आपल्या घटनेत अमेरिकेसारखा खासगीपणाचा हक्क लिहिलेला नाही, त्यामुळे झडती अडवता येत नाही. पैसा होता, मोठे वकील होते, तरी उंबरठा काही मिळाला नाही.

तो मिळवायला सुरुवात केली खडकसिंग नावाच्या उत्तर प्रदेशातील एका माणसाने. १९४१ मध्ये त्याच्यावर दरोड्याचा आळ आला होता. पुराव्याअभावी तो सुटला. पोलिसांनी तरीही त्याची हिस्ट्रीशीट उघडली. मग चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री त्याच्या घरी येत, दार ठोठावून हाका मारत, झोपेतून उठवत. तो परगावी गेला तर तिथवर चौकशी जाई. हे सगळे पोलिसांच्या नियमावलीत लिहिलेले होते. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य आहेत. बाकीची पाळत मात्र बहुमताने चालू ठेवली. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि न्यायमूर्ती शहा हे दोघे वेगळे पडले. खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि सतत पाळतीखाली वावरणारा माणूस मोकळा म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी ते अल्पमत होते.

दुसरा माणूस आपल्या मध्य प्रदेशचा. त्याचे नाव गोविंद. तोही पोलिसांच्या यादीत, ज्याला आपल्याकडे 'निगरानी बदमाश' म्हणतात तसला. आपल्यावर खोटी प्रकरणे घालून ही यादी केली, पोलीस दिवसा-रात्री घरी येतात, अशी त्याची तक्रार होती. मार्च १९७५ मध्ये न्यायमूर्ती मॅथ्यू, कृष्ण अय्यर आणि गोस्वामी यांनी निकाल दिला. मध्य प्रदेश पोलिसांचे ते नियम त्यांनी रद्द केले नाहीत, गोविंद हरला. पण न्यायालयाने दोन गोष्टी सांगून ठेवल्या. खासगीपणा हा घटनेतून निघणारा हक्क मानता येतो, मात्र तो अमर्याद नाही, ही एक. आणि दुसरी अशी, की अशी पाळत सरसकट कोणावरही ठेवता येणार नाही. ज्याच्या वागण्यावरून गुन्हेगारीचाच निश्चय दिसतो त्याच्यापुरतीच ती चालेल, आणि हे जुने नियम सरकारने पुन्हा तपासावेत.

त्यानंतर तीनच महिन्यांत आणीबाणी आली. 'मिसाबंदी' म्हणजे काय, हे मध्य प्रदेशातल्या मराठी घरांना समजावून सांगावे लागत नाही. नातू बंधूंची गोष्ट पुन्हा एकदा, या वेळी स्वतंत्र देशात घडली. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगितले, की आणीबाणीत बंदिवानाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले. बहुमतातील चौघांत एक होते न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड.

आता २०१७ च्या त्या हरतालिकेकडे परत येऊ. हा दावा लावला होता कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी, आधारच्या संदर्भात. नऊ न्यायमूर्तींच्या त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, आणि आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयातून पुढे गेलेले न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे होते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात जबलपूरचा तो निर्णय चूक ठरवला. म्हणजे वडिलांनी बहुमतात राहून दिलेला निर्णय मुलाने पुसला. १९५४ चे मत गेले. खडकसिंगच्या खटल्यातील बहुमताचा आड येणारा भाग गेला, आणि पंचावन्न वर्षे बाजूला पडलेले सुब्बा राव यांचे मत ग्राह्य ठरले. राज्याला आजही घरात, फोनमध्ये, कागदपत्रांत शिरता येते. पण त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि कामापुरतेच शिरणे हवे. १८९७ च्या पुण्याला नेमके हेच हवे होते.

हा इतिहास वाचताना एक गोष्ट आपल्याला थोडी अवघड वाटायला हवी. आपल्यासारख्या नोकरीपेशा, अब्रूदार घरांत आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवत आलो, की 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' आणि ज्याने काही केले नाही त्याला पोलिसांची भीती कशाला? हक्कबिक्क हे गुंडांचे चोचले. पण आपल्या घराच्या दाराला आज जी कायद्याची कडी आहे, ती बसवायला खडकसिंग आणि गोविंद यांनी सुरुवात केली. आपण त्या कडीचे वारस आहोत, आणि ती कुठे आहे हेच आपल्याला माहीत नाही.

याची किंमत आता आपल्याच घरांतून वसूल होऊ लागली आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस येतो. 'तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमचा गैरवापर झाला आहे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे, कॅमेरा बंद करू नका, कोणाला सांगू नका,' असे दरडावतो. ज्यांची मुले पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात आहेत असे आपले काका-काकू तासन्‌तास त्या कॅमेऱ्यासमोर बसतात आणि आयुष्यभराची पुंजी पाठवून देतात. यादीवरचा माणूस असल्या फोनला हसला असता, कारण अटक कशी होते हे त्याला ठाऊक असते. आपल्याला ठाऊक आहे ती फक्त अब्रूची भीती, आणि भामटे तिच्यावरच जगतात.

म्हणून चार गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असाव्यात. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही. खऱ्या अटकेत कारण सांगावे लागते, नातेवाइकाला कळवावे लागते, वकिलाला भेटू द्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचे तर लेखी आदेश लागतो. बायका, साठीपुढचे पुरुष, पंधरा वर्षांखालची मुले आणि आजारी माणसे यांना त्यासाठी ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे. झडती घेताना परिसरातले दोन पंच असावे लागतात, तिचे चित्रीकरण करावे लागते, आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरच्यांना मिळते. असा फसवणुकीचा फोन आलाच, तर तो कापून १९३० वर कळवावे.

यात पोलिसांशी वैर नाही. खरा अधिकारी या गोष्टी विचारल्या म्हणून रागावत नाही, आणि रागावला तरी प्रश्न विचारायचा असतो. ज्या उत्सवाने पुण्याच्या लोकांना चारचौघांत एकत्र उभे राहायला शिकवले, त्याच उत्सवाच्या मांडवात यंदा एका संध्याकाळी आरतीनंतर दहा मिनिटे काढून हे आपल्या ज्येष्ठांना सांगू या. गणपती विद्येची देवता आहे. आपल्या दाराच्या कडीची माहिती हीदेखील विद्याच आहे.