तिनाच्या जागी एक

डिसेंबर १९७४. कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅली गावात सायक्लोक्रॉसची शर्यत होती. दक्षिणेकडच्या कुपर्टिनोहून काही पोरं आली, ती जाड बलून टायरच्या जुनाट सायकली घेऊन. पण त्या सायकलींच्या मागच्या चाकाला गिअर बदलणारा डिरेलर होता, हँडलवर अंगठ्यानं सरकवायचा शिफ्टर होता, ब्रेक ड्रमचे होते. या जोडकामामागचं मुख्य डोकं रस माहन याचं. मरिन काउंटीतली गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी तेव्हा तमालपैस डोंगरावरून असल्याच जुन्या श्विन सायकली खाली सोडत. त्या सायकलींना गिअर नव्हते. वर जाताना सायकल ढकलायची, नाहीतर ट्रकमध्ये टाकायची. थोड्याच दिवसांत फिशरच्याही श्विनला डिरेलर लागला.

माउंटन बाइकची सुरुवात अशी झाली. सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेचा, ब्रेकच्या मुठी मोटारसायकलच्या, गिअर टूरिंग सायकलचे. एकाही कारखान्यानं हे सगळे भाग एकमेकांसाठी बनवलेले नव्हते. हल्ली कुणी जुन्या माउंटन बाइकच्या पॅडलपाशी असलेल्या पुढच्या तीन दातेरी चकत्या काढून एकच बसवतो आणि चार कंपन्यांचे भाग एकत्र नांदवतो, तेव्हा जाणकार नाक मुरडतात. त्यांनी ही वंशावळ जरूर पाहावी. शिवाय डोंगर उतरणाऱ्या त्या पहिल्या श्विनना पुढे एकच चकती होती. तीन चकत्या मधल्या काळात आल्या आणि गेल्या.

त्या आल्या त्याला कारण साधं होतं. सत्तरच्या दशकात मागच्या चाकावर पाच-सहाच दातेरी चक्रं मावत. चढाला हलका आणि उताराला जड असे दोन्ही गिअर त्यातून निघेनात. फ्रान्समध्ये आल्प्सच्या टूरिंगसाठी टीए कंपनीचे तीन चकत्यांचे क्रँक आधीपासून मिळत. ते उचलले. ब्रीझनं १९७७ साली मुद्दाम डोंगरासाठी सांगाडा बांधला, १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर दुकानात आली, १९८२मध्ये शिमानो कंपनीनं डोंगरी सायकलींसाठी डिओर एक्सटी हा संच काढला. पुढे तीन चकत्या हा धर्मच झाला. आपल्याकडेही ‘एकवीस गिअरची सायकल’ म्हणजे पुढे तीन, मागे सात. दुकानदार तो आकडा मोठ्यानं सांगायचा, अजूनही सांगतो.

हा आकडा किती पोकळ असतो ते कागदावर मांडून पाहावं. नऊ गिअरच्या काळातली नेहमीची जोडी घ्या : पुढे २२, ३२, ४४ दाते, मागे ११, १३, १५, १७, २०, २३, २६, ३०, ३४. म्हणायला सत्तावीस गिअर. पण २२ला १७ आणि ४४ला ३४ हे एकच गिअर आहेत. २२ला १५ आणि ४४ला ३० हेही एकच. २२ला १३ आणि ४४ला २६ पुन्हा तेच. बाकीच्यांतही कित्येक इतके जवळचे की पायाला फरक कळत नाही. त्यात लहान चकतीवरून मागच्या सर्वांत लहान चक्रावर चेन तिरकी धावते, घासते, लवकर झिजते, म्हणून ते गिअर वापरायचेच नसतात.

सुरुवातीला मोडतोड-जोडणीला अडचण नव्हती, कारण जुना शिफ्टर नुसत्या घर्षणावर चालायचा. तरफ हवी तितकी ओढायची, चेन चक्रावर बसल्याचा आवाज आला की थांबायचं. डिरेलर कुठल्या कंपनीचा, चक्रं कुणाची, याच्याशी तरफेला देणंघेणं नव्हतं. १९८४ साली शिमानोनं ड्युरा-एस संचात क्लिकवर चालणारे गिअर आणले आणि काही वर्षांत ते डोंगरी सायकलींवरही आले. एक क्लिक, एक गिअर. चालवणाऱ्याला मोठी सोय झाली. पण एका क्लिकला केबल किती ओढली जाते, तेवढ्या ओढीला डिरेलर किती सरकतो आणि दोन चक्रांमधलं अंतर किती, हे तिन्ही आकडे आता जुळायलाच हवे होते. गंमत म्हणजे क्लिकचं हे गणित नीट चालायला डिरेलरची जी तिरकी चौकट लागते, ती सनटूर कंपनीची. तिचं १९६४चं पेटंट १९८४च्याच सुमारास संपलं, आणि शिमानोनं ती रचना घेतली. ज्या सनटूरच्या कल्पनेवर हे उभं राहिलं तिचाच धंदा पुढच्या दशकात बसला.

तेव्हापासून जोडकाम करणारा आधी पत्रिका बघतो. शिमानोच्या जुन्या डिरेलरमध्ये एक मिलिमीटर केबल ओढली की तो साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. म्हणून रस्त्याच्या सायकलीचा दहा गिअरचा शिफ्टर आणि डोंगरी सायकलीचा नऊ गिअरचा डिरेलर बिनतक्रार चालत, आणि लोक ते चालवत. २०१०मध्ये शिमानोनं डोंगरी दहा गिअरसाठी हे प्रमाण सुमारे १.२वर आणलं, कारण चिखल-धुळीत केबल थोडी अडकली तरी गिअर चुकू नये. कारण रास्त होतं, पण जुनी सोयरीक तुटली. नव्या शिफ्टरची एका क्लिकची ओढ सुमारे ३.४ मिलिमीटर. ती जुन्या डिरेलरला दिली तर तो ५.८ मिलिमीटर उडी मारतो, आणि चक्रांमध्ये अंतर आहे जेमतेम चार. शिकागोच्या स्रॅम कंपनीचं प्रमाण आणखी वेगळं. नियम एवढाच उरला : शिफ्टर आणि डिरेलर एका घरचे घ्या, मागच्या चक्रांची कॅसेट तितक्याच गिअरची असली तर शिमानो-स्रॅमपैकी कुणाचीही बहुतेकदा चालेल.

चेनचं मात्र कुणी फारसं बिघडवलं नाही. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनं बुश-रोलर चेन काढली. आज सायकलीच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं, सहा गिअर असोत की बारा. बाहेरची रुंदी मात्र सात मिलिमीटरहून अधिक होती, ती सव्वापाचवर आली. हा अर्धा इंच समाईक नसता तर या कथेतली एकही जोडणी झाली नसती.

एकच चकती हवी कुणाला होती? आधी उताराच्या शर्यतवाल्यांना. त्यांना चढाचे गिअर नकोच होते, त्यामुळे एक चकती आणि तिच्यावर चेन धरून ठेवणारा गाइड एवढ्यावर त्यांचं भागे. पुढे मागच्या चाकाला सस्पेन्शन आलं, टायर रुंद झाले, आणि पुढचा डिरेलर नेमका सांध्याच्या जागेत अडू लागला. सीट खालीवर करणाऱ्या ड्रॉपर पोस्टला हँडलच्या डाव्या बाजूची जागा हवी होती, तिथे पुढच्या गिअरचा शिफ्टर बसलेला. पण पुढचा डिरेलर काढला की खडकाळ उतारावर चेन उडून पडायची. गिअर बदलता बदलता तो चेनला जागेवरही राखत होता.

हे दुखणं दोन उपायांनी बरं झालं. २०११मध्ये शिमानोनं मागच्या डिरेलरच्या पिंजऱ्यात क्लच घातला, त्यामुळे धक्क्यानं चेन सैल होऊन फडफडेना. आणि २०१२मध्ये स्रॅमच्या एक्सएक्स१ संचात पुढच्या चकतीचे दाते एक रुंद, एक अरुंद असे आले. चेनमध्ये एक कडी आत बसणारी, एक बाहेरची, अशी आळीपाळीची रचना असतेच. प्रत्येक कडीला तिच्या मापाचा दाता मिळाला, आणि चेन आडवी हलायची थांबली. म्हणून अशा चकतीचे दाते नेहमी समसंख्येत असतात. स्रॅमनं पेटंट घेतलं आणि अशीच चकती विकणाऱ्या रेस फेस कंपनीवर दावा लावला. तिची मालक फॉक्स पेटंटविरुद्ध लढली. २०१९च्या डिसेंबरात अमेरिकी अपील कोर्टानं स्रॅमच्या बाजूचा पेटंट मंडळाचा निर्णय रद्द करून फेरविचाराला पाठवला. मला मात्र या भांडणापेक्षा विस्कॉन्सिनच्या गेल कंपनीचं १९७९चं पेटंट जास्त आवडतं : चेनवर चालणाऱ्या यंत्रासाठी एक रुंद, एक अरुंद अशाच दात्यांचं चक्र. गेल शेतीची आणि मातीकामाची यंत्रं बनवणारी कंपनी.

एक्सएक्स१ची कॅसेट १० ते ४२ दात्यांची होती. दहा दात्यांचं चक्र जुन्या हबवर बसतच नाही, त्यासाठी स्रॅमनं एक्सडी नावाचा नवा हबचा भाग काढला. किंमत बघून बहुतेकांनी नकारार्थी मान हलवली. मग गॅरेजवाले पुढे आले. कॅनडातल्या स्क्वामिशची वनअप आणि मिनेसोटाची वुल्फ टूथ अशा लहान कंपन्यांनी नुसतं ४२ दात्यांचं मोठं चक्र विकायला काढलं. ते शिमानोच्या ११-३६च्या दहा गिअरच्या कॅसेटमागे घालायचं. क्लिक दहाच, म्हणून एक चक्र कमी करावं लागे : १५ आणि १७ काढून त्यांच्या जागी एकच १६. ११, १३, १६, १९ अशी चढण झाली, पायाला चटकन जाणवणार नाही अशी. हा १६चा तुकडा म्हणजे या सगळ्या कारागिरीतलं सर्वांत शहाणं काम, असं मला वाटतं.

पुढे तीन चकत्यांच्या जुन्या क्रँकच्या मधल्या जागी, १०४ मिलिमीटरच्या चार बोल्टांवर, ३२ दात्यांची नवी चकती. मधलीच जागा, कारण तिथूनच चेन मागच्या कॅसेटच्या साधारण मध्यावर सरळ जाते. बोल्ट मात्र आखूड लागतात. डिरेलरचा वरचा बी-स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत आवळायचा, नाहीतर वरची पुली ४२च्या चक्राला खरवडते. चेन सामावायचा हिशेब उलट सोपा झाला : तीन चकत्यांवर पुढचा २२ आणि मागचा २३ मिळून ४५ दात्यांचा फरक डिरेलरनं गिळायचा, एका चकतीवर ४२ वजा ११, म्हणजे ३१.

फटका बसला तो चढावर. २२ला ३४ म्हणजे ०.६५, ३२ला ४२ म्हणजे ०.७६. एवढा फरक सिंहगडच्या घाटात मांड्यांना कळतो. एक्सएक्स१च्या १०-४२चा पल्ला ४२० टक्के, गॅरेजच्या ११-४२चा ३८२, आणि जुन्या तिहेरीचा सहाशेच्या वर. २०१६मध्ये स्रॅमच्या ईगल संचानं १० ते ५० दात्यांची बारा गिअरची कॅसेट आणली तेव्हा ३२ला ५० म्हणजे ०.६४ झाले, तिहेरीपेक्षाही किंचित हलके. चढाचा वाद तिथे मिटला. २०१८मध्ये शिमानोच्या एक्सटीआरमधून तिसरी चकती गेली, मागे १० ते ५१ दाते आले, आणि त्यासाठी आणखी एक नवा हबचा भाग, मायक्रो स्प्लाइन.

आपल्याकडच्या स्वस्त एकवीस गिअरवाल्या सायकलींवर हा प्रयोग करावा का? बहुतेकदा नको. त्यांच्या पुढच्या चकत्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतात, म्हणजे क्रँकच बदलायचा. मागे कॅसेट नसून आट्यांवर घट्ट होणारा फ्रीव्हील असतो, म्हणजे हब किंवा अख्खं चाक बदलायचं. शिफ्टर, डिरेलर, चेन यांचा खर्च वेगळा. आणि नुसती ३२ची चकती लावून मागे १४-३४चा फ्रीव्हील तसाच ठेवला तर सर्वांत हलका गिअर ०.९४ होतो. २४च्या लहान चकतीवर तोच ०.७१ मिळत होता. घाटात लहान चकतीच बरी.

मार्च २०२३मध्ये स्रॅमनं ट्रान्समिशन हा संच आणला. डिरेलर थेट सांगाड्यावर, तोही ठरावीक मापाच्या सांगाड्यावरच; चकती, चेन, कॅसेट एकमेकांसाठी बेतलेली. त्याच वर्षी शिमानोनं क्यूज हा संच काढला, अगदी उलट्या दिशेनं. नऊ, दहा आणि अकरा गिअर, पण केबलची ओढ एकच, चक्रांमधलं अंतर एकच, चेनही एकच अकराची. नऊचा डिरेलर अकराच्या शिफ्टरला जुळतो. फक्त जुन्या हायपरग्लाइड कॅसेटशी त्याचं जमत नाही.